अख्खी टर्की तेलात तळताना : थँक्सगिव्हिंगला पहिल्यांदा तळणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

अमेरिकेत नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंगचे जेवण असते आणि बहुतेक घरांत त्या दिवशी टेबलाच्या मधोमध टर्की असते. नव्याने आलेल्या मराठी कुटुंबांना पहिली एक-दोन वर्षे हे जेवण कोणाकडे तरी आयते मिळते, मग कधीतरी आमंत्रण देण्याची पाळी आपल्यावर येते. ओव्हनमध्ये भाजलेली टर्की पुष्कळदा कोरडी लागते, कारण १२ पौंडांचा, म्हणजे साधारण साडेपाच किलोचा पक्षी भाजायला तीन तासांहून अधिक वेळ जातो आणि मांडी शिजेपर्यंत मुळातच कमी चरबीचे छातीचे मांस सुकून जाते. तीच टर्की तेलात बुडवून तळली तर पाऊण तासात होते, कातडी कुरकुरीत होते, मांस रसाळ राहते आणि बाकीच्या पदार्थांसाठी ओव्हन मोकळा मिळतो. दक्षिणेकडच्या लुइझियाना राज्यातील केजन लोकांच्या स्वयंपाकातली ही पद्धत आता देशभर रुळली आहे.

आपल्यापैकी अनेकांना वाटते की चकल्या, अनारसे, वडे तळत मोठे झालेल्या माणसाला यात नवे असे काय असणार. मला मात्र हा आत्मविश्वासच सर्वांत धोक्याचा वाटतो. दिवाळीत कढईत लिटरभर तेल असते, जिन्नस तळहाताएवढा असतो आणि तेल तापले की नाही हे आपण पिठाचा कण टाकून ठरवतो. इथे ११ लिटरच्या आसपास तेल उघड्या ज्योतीवर असते आणि त्यात पाण्याने भरलेला साडेपाच किलोचा पक्षी सोडायचा असतो. हे काम अंदाजाने करायचे नाही. जागा, पातेले, तेलाची पातळी, तापमान आणि वेळ या सर्व गोष्टी मोजूनच ठरवायच्या. नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशन ही अग्निसुरक्षेची संस्था तर गॅसवरचे तेलाचे फ्रायर घरी वापरूच नयेत असे सांगते, आणि घरातल्या स्वयंपाकामुळे लागणाऱ्या आगी वर्षभरात सर्वाधिक थँक्सगिव्हिंगच्या दिवशीच लागतात. मी अंगणात टर्की तळतो, पण पुढे सांगितलेल्यांपैकी एक जरी अट पुरी होत नसेल तर त्या वर्षी तळत नाही. तुम्हीही तसेच करावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आधी जागा पाहावी

सर्वांत पहिला निर्णय जागेचा. शेगडी घराबाहेर, उघड्या आकाशाखाली, सपाट काँक्रीट किंवा मातीच्या जमिनीवर, घरापासून आणि कुंपणापासून किमान १० फूट अंतरावर ठेवावी. गॅरेजमध्ये, दार उघडे ठेवूनसुद्धा, तळू नये. लाकडी डेकवर, पोर्चच्या छपराखाली किंवा झाडाच्या फांद्यांखालीही तळू नये. अपार्टमेंटच्या बाल्कनीचा तर विचारच करू नये. जमिनीला उतार असेल तर तापलेले तेल एका बाजूला झुकते आणि पातेले कलंडू शकते, म्हणून आदल्या दिवशी रिकामे पातेले शेगडीवर ठेवून त्यात थोडे पाणी घालून पाहावे. पाण्याची पातळी सगळीकडे सारखी दिसली पाहिजे. पाऊस किंवा बर्फ पडण्याची शक्यता असेल तर तळण्याचा बेत सरळ रद्द करून ओव्हन लावावा, कारण कडकडीत तेलात पावसाचे थेंब पडले की ते तडतडून बाहेर उडते.

ज्यांच्याकडे अंगण नाही त्यांच्यासाठी घरात चालणारे विजेचे टर्की फ्रायर मिळतात. त्यांत ज्योत नसते आणि तापमान आपोआप आवरले जाते. बिनतेलाचे, गरम हवेवर किंवा अवरक्त उष्णतेवर चालणारे फ्रायरही असतात. चव थोडी वेगळी लागते, पण पहिल्या वर्षी लहान मुलांचे घर असेल तर मी हाच मार्ग सुचवेन.

साहित्य

३० क्वार्टचे, म्हणजे सुमारे २८ लिटरचे उंच पातेले, प्रोपेनची बुटकी आणि रुंद पायांची शेगडी, टर्की उभी अडकवण्याचा दांडा आणि तो उचलण्याचा आकडा हे सारे एकत्र संच म्हणून हार्डवेअरच्या दुकानांत मिळते. याशिवाय दोन थर्मामीटर लागतात: एक लांब दांडीचा, पातेल्याच्या काठाला अडकवून तेलाचे तापमान दाखवणारा, आणि दुसरा मांसात खुपसायचा. तेलाचा थर्मामीटर आधी उकळत्या पाण्यात बुडवून तपासावा. समुद्रसपाटीजवळच्या गावात तो २१२ अंश फॅरनहाइटच्या जवळपास थांबला पाहिजे. इथल्या सगळ्या कृतींमध्ये फॅरनहाइट असते हे विसरू नये. ३५० अंश फॅरनहाइट म्हणजे सुमारे १७७ अंश सेल्सिअस, आणि थर्मामीटर चुकून सेल्सिअसवर लावून कोणी ३५० ची वाट पाहत बसला तर तेल त्याआधीच पेट घेईल.

कोपरापर्यंत येणारे जाड हातमोजे, डोळ्यांना चष्मा, पायात बंद बूट, अंगात सुती आणि अंगाबरोबर बसणारे कपडे असावेत. सणाचा दिवस असला तरी ओढणी, पदर, सैल कुर्ता घालून शेगडीजवळ जाऊ नये. स्वयंपाकाच्या तेलाच्या आगीवर चालणारे अग्निशामक नळकांडे हाताशी असावे आणि पातेल्याचे झाकणही जवळच ठेवावे. पाण्याची बादली किंवा बागेची नळी मात्र तिथे मुळीच नसावी, कारण घाबरलेला माणूस हातात येईल ते ओततो आणि पेटत्या तेलावर पाणी पडले की आगीचा लोळ उठतो.

तेल शेंगदाण्याचे घ्यावे, पण शुद्ध केलेले. इंडियन स्टोअरमध्ये मिळणारे घाण्याचे किंवा नुसते गाळलेले शेंगदाणा तेल भाजीला उत्तम असले तरी इथे चालत नाही, कारण ते बरेच कमी तापमानाला धुरावू लागते; शुद्ध केलेले तेल ४५० अंशांच्या आसपासपर्यंत टिकते. पाहुण्यांपैकी कोणाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे का हे आधी विचारावे आणि तसे असेल तर कनोला तेल वापरावे. १२ पौंडांच्या टर्कीला साधारण ३ गॅलन तेल लागते, तरी नेमके किती लागेल हे पाण्याने मोजूनच कळते. ते कसे, हे पुढे येईल.

टर्की निवडणे आणि वितळवणे

तळण्यासाठी १२ पौंडांहून मोठी टर्की घेऊ नये. पाहुणे जास्त असतील तर दोन लहान टर्की एकामागून एक तळाव्यात. मोठा पक्षी पातेल्यात तेलाला जागा ठेवत नाही आणि त्याचा मध्यभाग शिजेपर्यंत कातडी काळी पडते.

आता सर्वांत महत्त्वाच्या गोष्टीकडे येतो. बाजारातली बहुतेक टर्की दगडासारखी गोठलेली असते आणि ती पूर्ण, अगदी पोटाच्या पोकळीच्या आतपर्यंत वितळल्याशिवाय तेलात घालणे म्हणजे आग लावणेच होय. पाण्याची वाफ झाली की तिचे आकारमान सुमारे १७०० पटींनी वाढते. पक्ष्याच्या पोटात मूठभर बर्फ राहिला असेल तर तो तेलाच्या तळाशी जातो, क्षणात त्याची वाफ होते आणि ती वर येताना सारे तेल फेसासारखे फुगवून पातेल्याबाहेर ढकलते. दूध उतू जाते तसेच हे होते, फक्त इथे उतू जाणारा पदार्थ खालच्या ज्योतीवर पडून पेटतो. दर नोव्हेंबरमध्ये ठिकठिकाणची अग्निशमन दले गोठलेली टर्की तेलात सोडून हा भडका लोकांना मुद्दाम करून दाखवतात. त्याची चित्रफीत घरातल्या सर्वांनी एकदा जरूर पाहावी.

फ्रिजमध्ये दर ४ ते ५ पौंडांमागे २४ तास, असा वितळण्याचा हिशेब आहे. म्हणजे १२ पौंडांना जवळजवळ तीन दिवस लागतात. मी मात्र रविवारी सकाळीच टर्की खोल ताटात ठेवून फ्रिजच्या सर्वांत खालच्या कप्प्यात सरकवतो, जेणेकरून बुधवारी दुपारपर्यंत ती नक्की वितळलेली असते आणि पुढची रात्र कातडी सुकवायला मिळते. पहिल्या वर्षी मी सोमवारी रात्री सुरुवात केली होती. गुरुवारी पोटात हात घातला तर बरगड्यांना बर्फाची पापडी चिकटलेली होती, आणि तेल तापवायला ठेवलेले असूनही आम्ही शेगडी बंद केली, टर्की ओव्हनमध्ये घातली आणि रात्री नऊला जेवलो. तो निर्णय योग्यच होता असे मला आजही वाटते. उशीर लक्षात आलाच तर टर्की गळक्या नसलेल्या पिशवीत बांधून थंड पाण्यात बुडवावी, दर अर्ध्या तासाने पाणी बदलावे आणि पौंडामागे अर्धा तास धरावा. १२ पौंडांना सहा तास होतात. ओट्यावर उघडी ठेवून किंवा कोमट पाण्यात कधीही वितळवू नये.

धुण्याची सवय आणि मसाला

आपल्याकडे मटण, कोंबडी आणली की आधी स्वच्छ धुतात. इथे ते करू नये. धुण्याने जंतू जात नाहीत, उलट ते शिंतोड्यांबरोबर सिंकभर आणि ओट्यावर पसरतात. अमेरिकेचे कृषी खातेही टर्की धुऊ नये असेच सांगते. शिवाय तळण्याच्या दृष्टीने आपल्याला पाणी घालवायचे आहे, वाढवायचे नाही.

पोटाच्या आणि मानेच्या पोकळीत ठेवलेली मान आणि काळजाची पुडी काढावी, पाय अडकवणारी प्लास्टिकची कडी आणि छातीत खुपसलेले शिजल्याची खूण दाखवणारे प्लास्टिकचे बटणही काढून टाकावे. मानेकडचे तोंड कातडीने झाकलेले असेल तर ते मोकळे करावे आणि मांडी व पाय जिथे जुळतात तिथल्या कातडीला एकेक इंचाची चीर द्यावी, म्हणजे उचलताना तेल आत साचून न राहता निथळून जाईल. पोटात काहीही भरू नये. भरलेली टर्की तळता येत नाही. मग कागदी टॉवेलने आतून-बाहेरून टिपून घ्यावी.

वेष्टनावर मिठाचे द्रावण आधीच टोचल्याचा उल्लेख असेल तर मीठ हात राखून वापरावे. नसेल तर बुधवारी दुपारी ५ पौंडांना एक मोठा चमचा जाडे कोशर मीठ या हिशेबाने कातडीला आणि पोटात चोळावे व टर्की रात्रभर फ्रिजमध्ये उघडीच ठेवावी. कातडी चर्मपत्रासारखी ताणून सुकली की समजावे काम जमले. मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवण्याची पद्धत भाजण्यासाठी चांगली असली तरी तळण्यापूर्वी मी ती टाळतो.

चव आत पोचवण्यासाठी केजन पद्धतीत मोठ्या सुईने पातळ लोणी, लसणाचा रस आणि तिखट मांसात टोचतात. आपली चव हवी असेल तर वितळलेले लोणी, आले-लसणाचा गाळलेला रस, हळद, लाल तिखट आणि लिंबू असे मिश्रण चालते, फक्त ते अगदी बारीक गाळून घ्यावे, नाहीतर सुई तुंबते. छातीत दोन्ही बाजूंना आणि मांड्यांत मिळून एक वाटीपेक्षा जास्त टोचू नये, आणि टोचल्यावर बाहेर ओघळलेले सारे पुसून काढावे. बाहेरून ओला मसाला लावू नये. कांदा-लसूण मसाला किंवा वाटण कातडीवर थापले तर ते तेलात सुटते, तळाशी जळते आणि सगळे तेल कडू करते. साखर किंवा गूळ असलेला मसालाही तसाच करपतो. कोरडी, बारीक पूड तेवढी कातडीखाली बोटांनी सारून लावावी.

तेल किती घालायचे

ही मोजणी टर्की मसाला लावण्याआधी, ती अजून पिशवीत असतानाच करावी. टर्की पिशवीसह पातेल्यात ठेवून ती एक-दोन इंच बुडेल एवढे पाणी ओतावे. मग टर्की बाहेर काढावी, पूर्ण निथळू द्यावी आणि आता पाणी जिथे उभे आहे तिथे बाहेरून खूण करावी किंवा काठापासूनचे अंतर पट्टीने मोजून लिहून ठेवावे. तेल त्या खुणेपर्यंतच घालायचे, एक पेलाही जास्त नाही. टर्की आत असताना पाण्याच्या वर पातेल्याचा निदान ३ ते ५ इंच काठ मोकळा राहिला पाहिजे. राहत नसेल तर पातेले मोठे हवे किंवा टर्की लहान. मोजून झाल्यावर पातेले घासून, पुसून, उन्हात किंवा शेगडीच्या ऊबेवर पूर्ण कोरडे करावे. या दहा मिनिटांच्या कामात बहुतेक अपघात टळतात, आणि उत्साहाच्या भरात लोक नेमके हेच वगळतात.

गुरुवारची कृती

जेवण दुपारी चारला असेल तर पावणेदोनला शेगडी पेटवावी. प्रोपेनची टाकी नळी पुरेल तितकी दूर, किमान दोन फुटांवर, आणि वारा टाकीकडून शेगडीकडे वाहत असेल अशा बाजूला ठेवावी. ज्योत मध्यम ठेवावी. तेवढे तेल ३५० अंशांपर्यंत तापायला पाऊण ते एक तास लागतो. या क्षणापासून तेल थंड होईपर्यंत एक जाणता माणूस शेगडीपाशी सतत हवा; त्याने पाहुण्यांचे स्वागत करायला किंवा सामना पाहायला आत जाऊ नये, आणि त्याने मद्यही घेतलेले नसावे. मुले आणि कुत्री-मांजरे यांना घरातच ठेवावे. तेलातून धूर निघू लागला तर त्याच क्षणी गॅस बंद करावा.

तेल तापत असताना टर्की फ्रिजबाहेर काढून पुन्हा एकदा आतून-बाहेरून टिपावी. पोकळीत हात घालून बर्फाचा कण नाही याची खात्री करावी. मग पाय वर आणि मान खाली, अशी ती दांड्यावर उभी अडकवावी.

तेल ३५० वर आले की आधी गॅस पूर्ण बंद करावा. हे वाक्य मी मुद्दाम वेगळे लिहितो आहे. ज्योत विझलेली असेल तर तेल उतू गेले तरी पेटायला काही उरत नाही. त्यानंतर दोघांनी मिळून आकड्याने टर्की हळूहळू खाली सोडावी. बोटभर बुडवायची, तडतड ओसरली की आणखी थोडी, असे करत पूर्ण बुडायला एक ते दोन मिनिटे लागू द्यावीत. तेल खळखळून वर येते, आवाज मोठा होतो. यात घाबरण्यासारखे काही नाही, पण फेस काठापर्यंत येताना दिसला तर टर्की वर उचलून थांबावे. टर्की तळाला टेकली, खळखळ स्थिरावली की हात बाजूला घेऊन गॅस पुन्हा पेटवावा.

थंड मांसामुळे तेलाचे तापमान बरेच उतरते. ते ३२५ ते ३५० अंशांच्या दरम्यान आणून तिथेच राखणे हेच पुढच्या पाऊण तासाचे काम आहे. तेल थंड राहिले तर कातडी तेलकट आणि मऊ होते, फार तापले तर बाहेरून करपून आत कच्चे राहते. पौंडामागे साडेतीन मिनिटे धरावीत, म्हणजे १२ पौंडांना ४२ मिनिटे. हा हिशेब फक्त कधी तपासायचे ते सांगतो; शिजले की नाही हे थर्मामीटरच सांगतो. वेळ भरत आली की पुन्हा गॅस बंद करावा, टर्की सावकाश वर उचलून पातेल्यावरच निथळू द्यावी, परातीतल्या जाळीवर ठेवावी आणि मांडीचा सर्वांत आतला भाग, पंखाचा सांधा व छातीचा सर्वांत जाड भाग अशा तिन्ही ठिकाणी, हाडाला न टेकवता, तापमान घ्यावे. तिन्हीकडे १६५ अंश किंवा जास्त आले तरच टर्की शिजली. एका जागी जरी कमी असेल तरी पुन्हा तितक्याच काळजीने तेलात सोडून पाच मिनिटे तळावी. रंगावरून निर्णय घेऊ नये, कारण हळद-तिखट टोचलेली टर्की अर्ध्या वेळातच सोनेरी दिसू लागते.

आग लागलीच तर गॅस बंद करावा, शक्य असेल तरच झाकण घालावे किंवा अग्निशामक वापरावा, आणि ते शक्य नसेल तर सर्वांना दूर नेऊन ९११ ला फोन करावा. पेटलेले पातेले हलवण्याचा प्रयत्न कधीही करू नये.

कापणे, उरलेले आणि तेल

टर्की कापण्यापूर्वी २० ते ३० मिनिटे तशीच राहू द्यावी, म्हणजे रस मांसात मुरतो. तिच्यावर झाकण किंवा फॉइल घट्ट लावू नये, वाफेने कातडी मऊ पडते. आधी पाय आणि मांड्या सांध्यातून सोडवाव्यात, मग छातीचे दोन्ही भाग हाडापासून अख्खे काढून आडवे काप करावेत. तसे केल्याने प्रत्येक कापाला थोडी कुरकुरीत कातडी मिळते. दोन तासांच्या आत उरलेले मांस फ्रिजमध्ये जावे आणि तीन-चार दिवसांत संपावे. सांगाडा टाकू नये. कांदा, आले, मिरी आणि तमालपत्र घालून तो दोन तास मंद उकळला तर शुक्रवारच्या भातावर घ्यायला उत्तम रस्सा होतो.

तेलाला त्या रात्री हात लावू नये. थंड व्हायला कित्येक तास लागतात. झाकण ठेवून, मुलांच्या वाटेत येणार नाही अशी जागा पाहून सकाळपर्यंत सोडून द्यावे. थर्मामीटर १०० अंशांखाली गेल्यावरच सुती फडक्यातून गाळून मूळ डब्यांत भरावे आणि वर तारीख व ‘टर्कीचे तेल’ असे लिहावे, कारण शाकाहारी पाहुण्यांसाठी ते चुकून वापरले जाऊ नये. फ्रिजमध्ये ठेवल्यास ते आणखी दोन-तीन वेळा मांसाहारी तळणाला चालते. वास आला, फेस येऊ लागला किंवा रंग गडद झाला की टाकावे. टाकताना सिंकमध्ये किंवा गटारात ओतू नये, ते थिजून नळ तुंबवते. पुष्कळ शहरांच्या कचरा-केंद्रांत वापरलेले स्वयंपाकाचे तेल घेतात. तुमच्या काउंटीच्या केंद्रात ते घेतात का, हे थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या आठवड्यातच विचारून ठेवावे.